द्रव पदार्थांचे वजन आणि माप : किलोचे लिटर करण्याची रीत

पिकास द्यावयाच्या अन्नद्रव्याची किंवा औषधाची मात्रा ठरविली जाते ती वजनाने. शेतावर ती प्रत्यक्ष ओतली जाते ती मात्र मापाने. शिफारशीत किलो व ग्रॅम असतात आणि शेतकऱ्याच्या हातात लिटरचे माप असते. पदार्थ भुकटीच्या रूपात असेल तर अडचण पडत नाही, कारण भुकटी तागडीत घालून तोलता येते. परंतु ठिबक संचातून सोडावयाचे फॉस्फोरिक आम्ल, सरकीस चोळावयाचे गंधकाम्ल, फवारणीचे पातळ औषध किंवा कडुनिंबाचे तेल हे पदार्थ तोलण्यापेक्षा मापणेच सोयीचे व सुरक्षित असते. अशा वेळी किलोचे लिटर करावे लागतात, आणि तेथेच पुष्कळांची चूक होते. एक किलो म्हणजे एक लिटर असे धरून हिशेब केला जातो. हा हिशेब पाण्याच्या बाबतीत खरा आहे. इतर द्रवांच्या बाबतीत तो थोडा किंवा फार चुकतो, आणि काही द्रवांच्या बाबतीत इतका चुकतो की मात्रा जवळजवळ दुप्पट किंवा निम्मी होते.

हा समज इतका पक्का का झाला याचे कारण जुन्या व नव्या अशा दोन्ही पद्धतींत सापडते. पूर्वी शेर हा शब्द वजनासही वापरीत आणि मापासही वापरीत. ऐंशी तोळ्यांचा शेर तराजूत चाले, आणि चार शेरांची पायली धान्याच्या राशीवर चाले. दुधाचा शेर, तेलाचा शेर आणि धान्याचा शेर हे गावोगाव निरनिराळे असत. १९५६ साली वजने व मापे यांच्या प्रमाणीकरणाचा कायदा झाला आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्याने मेट्रिक पद्धती अमलात आली. तिने वजनास किलो व मापास लिटर अशी दोन स्वतंत्र नावे दिली. त्यामुळे घोटाळा मिटावयास हवा होता. परंतु फ्रान्समध्ये ही पद्धती बसविताना एक लिटर पाण्याचे जे वजन तोच एक किलो असे ठरविण्यात आले होते. शाळेत हे वाक्य सर्वांनी पाठ केलेले असते; त्यातील ‘पाण्याचे’ हा शब्द मात्र पुढे विसरला जातो.

घनता म्हणजे काय

एक लिटर द्रवाचे वजन जितके किलो भरते तो आकडा म्हणजे त्या द्रवाची घनता. पाण्याची घनता १ आहे. फॉस्फोरिक आम्लाची, ते ८५ टक्के तीव्रतेचे असल्यास, सुमारे १.६९ आहे; म्हणजे त्याचा एक लिटर तोलला तर १ किलो ६९० ग्रॅम भरतो. रॉकेलची घनता सुमारे ०.८० आहे, त्याचा एक लिटर सुमारे ८०० ग्रॅमच भरतो. शास्त्राच्या पुस्तकात वजनाऐवजी वस्तुमान हा शब्द येतो आणि घनता ‘ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर’ अशी लिहिलेली असते. एक घन सेंटीमीटर म्हणजेच एक मिलिलिटर. म्हणून ग्रॅम प्रति मिलिलिटर आणि किलो प्रति लिटर हे दोन्ही आकडे एकच होत. कारखान्याच्या पत्रकावर कधीकधी ‘किलो प्रति घनमीटर’ असे लिहून ८७० किंवा १६९० असा मोठा आकडा दिलेला असतो. त्यास हजाराने भागले की नेहमीचा आकडा मिळतो. जुन्या पुस्तकांतून ‘विशिष्ट गुरुत्व’ हा शब्द आढळतो. पदार्थ पाण्याच्या किती पट जड आहे हे तो सांगतो. व्यवहारापुरते विशिष्ट गुरुत्व आणि घनता यांत फरक करण्याचे कारण नाही.

यावरून रीत अगदी सोपी निघते. किलोस घनतेने भागले की लिटर मिळतात. लिटरास घनतेने गुणले की किलो मिळतात. रीत सोपी असली तरी घाईत भागाकाराच्या जागी गुणाकार होतो, आणि कागदावर आकडा व्यवस्थित दिसत असल्यामुळे तो कोणास खटकत नाही. यास्तव उत्तर आल्यावर एक गोष्ट मनाशी ताडून पाहावी. पाण्यात जो द्रव तळाशी बसतो तो जड. त्याचे लिटर किलोपेक्षा कमी आले पाहिजेत. जो पाण्यावर तरंगतो तो हलका. त्याचे लिटर किलोपेक्षा जास्त आले पाहिजेत. दिव्यात खाली पाणी आणि वर तेल घालून वात लावणाऱ्या घरातील कोणासही एक किलो तेल लिटरच्या बाटलीत मावणार नाही हे समजावून सांगावे लागत नाही.

फॉस्फोरिक आम्लाचा हिशेब

द्राक्ष, डाळिंब व भाजीपाला या पिकांत ठिबक संचातून फॉस्फोरिक आम्ल देण्याचा प्रघात आहे. त्यातून पिकास स्फुरद मिळते आणि नळ्यांत साचलेले क्षारही काही अंशी सुटतात. हे आम्ल जड असल्यामुळे येथे चूक सर्वांत मोठी होते. म्हणून एक उदाहरण पूर्ण करून पाहावे.

समजा, एका एकरास या आम्लातून ५ किलो स्फुरद द्यावयाचे आहे. शिफारशीतील ‘स्फुरद’ म्हणजे खताच्या पोत्यावर असतो तोच स्फुरद पेंटॉक्साइडचा आकडा. ८५ टक्के तीव्रतेच्या शंभर किलो आम्लात असे स्फुरद सुमारे ६१.६ किलो असते. म्हणून ५ किलो स्फुरदासाठी ५ भागिले ०.६१६, म्हणजे ८ किलो १२० ग्रॅम आम्ल लागेल. हे झाले वजन. आता त्यास १.६९ ने भागावे. उत्तर ४.८० येते, म्हणजे ४ लिटर ८०० मिलिलिटर आम्ल मापून घ्यावे.

किलो म्हणजेच लिटर असे मानून शेतकऱ्याने ८ लिटर १२० मिलिलिटर आम्ल ओतले तर काय होईल? तेवढ्या आम्लाचे वजन १३ किलो ७०० ग्रॅमच्या वर भरेल आणि त्यातून ८ किलो ४५० ग्रॅम स्फुरद जमिनीत जाईल. पाचाऐवजी जवळजवळ साडेआठ किलो. आम्ल महाग असल्यामुळे पैशाचे नुकसान तर होतेच; पण त्याहून वाईट म्हणजे स्फुरद वारंवार प्रमाणाबाहेर गेले की पिकास जस्त व लोह मिळण्यात अडथळा येतो आणि पाने पिवळी पडू लागतात. शेतकरी मग त्या पिवळेपणावर दुसरे औषध आणतो. मूळ कारण मापात असते आणि उपाय फवारणीत शोधला जातो.

याच घनतेमुळे खरेदीच्या वेळी एक गैरसमज होत असतो. पन्नास किलो आम्ल मावण्यास सुमारे तीस लिटरचा डबा पुरतो. वीस लिटर पाणी मावणाऱ्या डब्याशी त्याची तुलना करून ‘पन्नास किलोचे पैसे घेतले आणि डबा एवढासाच’ अशी तक्रार शेतकरी करतो. विक्रेत्यास बोल लावण्यापूर्वी डबा काट्यावर ठेवून पाहावा. रिकाम्या डब्याचे वजन वजा जाता पन्नास किलो भरले तर माल पूर्ण आहे. आम्लाच्या तीव्रतेकडे मात्र नीट लक्ष द्यावे. कमी तीव्रतेचे आम्ल हलके असते. त्याची घनता निराळी आणि त्यातील स्फुरदही कमी. डब्यावरील टक्केवारी ८५ नसेल तर वरील आकडे त्यास लावू नयेत. तसेच ज्या पाण्यातून कॅल्शियम नायट्रेट सोडले जाते त्याच पाण्यात त्याच वेळी हे आम्ल सोडू नये. साका धरून नळ्या बंद होतात.

सरकीस गंधकाम्ल

देशी कपाशीचे घरचे बियाणे राखणारे शेतकरी सरकीवरील तंतू काढण्यासाठी तीव्र गंधकाम्ल वापरतात. येथे शिफारस मापात असते : एक किलो सरकीस १०० मिलिलिटर आम्ल. मापाची शिफारस वजनात वाचली की उलट्या प्रकारची चूक होते. गंधकाम्लाची घनता सुमारे १.८४ आहे, म्हणून १०० मिलिलिटर आम्ल १८४ ग्रॅम भरते. कोणी ते १०० ग्रॅम तोलून घेतले तर माप केवळ ५४ मिलिलिटर होईल. तेवढ्याने तंतू पुरते जळत नाहीत, म्हणून सरकी आम्लात जास्त वेळ ठेवली जाते आणि उगवण बिघडते. दुकानातून एक किलो आम्ल आणले तर ते ५४३ मिलिलिटर भरते. त्यातून साडेपाच किलोच्या आत सरकी तयार होईल, दहा किलो होणार नाही. किती आणावे हे आधी याप्रमाणे काढले म्हणजे काम अर्ध्यावर थांबवून पुन्हा दुकान गाठावे लागत नाही.

सरकी प्लास्टिकच्या बादलीत घेऊन, आम्ल थोडे थोडे ओतून, लाकडी काठीने दोन ते तीन मिनिटे ढवळावी व तंतू जळून सरकी काळी चकचकीत दिसू लागताच भरपूर पाण्याने पुनःपुन्हा धुवावी. धुण्याचे पाणी मुबलक आणि तयार असावे; सरकीपाशी आम्ल थोडे असते व पाणी फार असते, म्हणून उष्णता वाहून जाते. आम्ल पातळ करावयाचे असेल तेव्हा मात्र ते सावकाश पाण्यात ओतावे. आम्लात पाणी कधीही ओतू नये. थोडे पाणी जड आम्लाच्या पृष्ठावर राहते, तेथेच एकदम तापून उकळते आणि आम्लासह तोंडावर उडते. येथेही घनताच आड येते.

औषधाच्या बाटलीवरील टक्केवारी

कीटकनाशकांपैकी पुष्कळशी मूळ रसायने पाण्यात विरघळत नाहीत. ती प्रथम झायलीनसारख्या एखाद्या द्रावकात विरघळवितात व त्यात पाण्याशी मिसळण्यास मदत करणारा पदार्थ घालतात. असे औषध पाण्यात ओतताच पाणी दुधासारखे होते. झायलीनची घनता सुमारे ०.८७ आहे. म्हणजे १०० किलो झायलीन सुमारे ११५ लिटर होते, आणि दोनशे लिटरच्या पिंपात ते १७४ किलोच मावते. कारखान्यात द्रावकाची देवघेव वजनाने होते, कारण वजन थंडीउन्हाने बदलत नाही. बाटली मात्र मिलिलिटरने भरली जाते. द्रावक हलका असेल तर औषधाची घनता कमी होते. आणि जे औषध पाण्यात विरघळविलेले किंवा पाण्यात बारीक कणांच्या रूपात मिसळलेले असते ते बहुधा पाण्यापेक्षा जड असते.

याचा परिणाम टक्केवारीच्या अर्थावर होतो. बाटलीवर टक्केवारीपुढे ‘डब्ल्यू/डब्ल्यू’ अशी इंग्रजी अक्षरे असली तर ती वजनास वजन अशी टक्केवारी आहे : १०० ग्रॅम औषधात इतके ग्रॅम क्रियाशील घटक. ‘डब्ल्यू/व्ही’ अशी अक्षरे असली तर १०० मिलिलिटर औषधात इतके ग्रॅम. ‘वजनास वजन १० टक्के’ असे लिहिलेल्या दोन औषधांपैकी एकाची घनता ०.९० व दुसऱ्याची १.१० असेल, तर पहिल्याच्या एका लिटरात ९० ग्रॅम आणि दुसऱ्याच्या एका लिटरात ११० ग्रॅम घटक असेल. टक्केवारी सारखी, माप सारखे आणि विष मात्र सारखे नाही.

पुष्कळांच्या मनात एक शंका असते की इमिडाक्लोप्रिडच्या बाटलीवर १७.८ टक्के असा विचित्र आकडा का छापलेला असतो. सरळ अठरा किंवा वीस का नाही? वास्तविक ते औषध लिटरला २०० ग्रॅम घटक राहील अशाच हिशेबाने तयार केलेले आहे. त्याची घनता सुमारे १.१२ असल्यामुळे एक लिटर औषध १,१२० ग्रॅम भरते, आणि त्यात २०० ग्रॅम म्हणजे वजनाने १७.८ टक्के. आकडा विचित्र वाटतो तो घनतेमुळे. आता कपाशीवर हेक्टरी २५ ग्रॅम घटक द्यावयाचा असेल तर बाटलीवरील टक्केवारी मापास लावणारा मनुष्य ‘१०० मिलिलिटरात १७.८ ग्रॅम’ असे धरतो आणि १४० मिलिलिटर औषध काढतो. खरा हिशेब असा : २५ ग्रॅम घटकासाठी औषध वजनाने १४० ग्रॅम लागते; त्यास १.१२ ने भागले की १२५ मिलिलिटर. लेबलावरही २५ ग्रॅम घटकासाठी १२५ मिलिलिटरच दिलेले आहे. फरक पंधरा मिलिलिटरचा, म्हणजे शेकडा बारा.

क्लोरँट्रानिलीप्रोल १८.५ टक्के या औषधाचेही तसेच आहे. तुरीवर किंवा भातावर हेक्टरी ३० ग्रॅम घटकासाठी लेबल १५० मिलिलिटर सांगते. ३० ग्रॅम घटकास १८.५ टक्क्यांप्रमाणे १६२ ग्रॅम औषध हवे. १६२ ग्रॅम औषध जर १५० मिलिलिटरात मावते, तर त्याची घनता १.०८ झाली पाहिजे. गावपातळीवरील कार्यकर्त्याने हा उलटा हिशेब करण्याची सवय ठेवावी. वजनास वजन अशी टक्केवारी, घटकाचे ग्रॅम आणि औषधाचे मिलिलिटर हे तीन आकडे लेबलावर असले की चौथा, म्हणजे घनतेचा, आकडा काट्यावाचून मिळतो. उत्तर ०.८५ व १.२५ यांच्या फार बाहेर आले तर लेबल वाचण्यात काही चुकले आहे असे समजून पुन्हा वाचावे.

यावरून कोणी असे समजू नये की प्रत्येक फवारणीपूर्वी शेतकऱ्याने भागाकार करीत बसावे. लेबलावर मिलिलिटर दिलेले असतील तर तेच घ्यावेत. तज्ञांनी घनतेचा हिशेब तेथे आधीच केलेला असतो. हिशेबाची गरज पडते ती शिफारस फक्त घटकाच्या ग्रॅममध्ये मिळाली असता, किंवा एका तीव्रतेच्या औषधाऐवजी दुसऱ्या तीव्रतेचे औषध हाती आले असता. अशा वेळी अंदाज करणे घातक आहे. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर मरण पावले. त्या दुर्घटनेची जी कारणे पुढे आली त्यांत अंगावर संरक्षक कपडे नसणे आणि निरनिराळी औषधे एकत्र मिसळणे ही होती. फवारणाऱ्याच्या श्वासावाटे व त्वचेवाटे विष जातच असते. त्यात मात्राही वाढलेली असेल तर धोका वाढतो, आणि तो बहुधा रोजंदारीवर आलेल्या मजुराच्या वाट्यास जातो. मात्रा कोणी ठरविली हे त्या मजुरास ठाऊकही नसते.

बाटलीने घनता काढणे

घनतेचा आकडा डब्यावर किंवा पत्रकात मिळाला तर उत्तम. न मिळाल्यास कडुनिंबाचे तेल, करंजाचे तेल, काकवी अशा निरुपद्रवी द्रवांची घनता गावातच काढता येते. त्यासाठी अरुंद गळ्याची काचेची बाटली आणि किराणा दुकानातील इलेक्ट्रॉनिक काटा एवढे साहित्य पुरते. प्लास्टिकची बाटली दाबली असता फुगते वा चेपते, म्हणून ती टाळावी. बाटलीच्या गळ्यावर दोरा घट्ट बांधून खूण करावी. प्रथम कोरडी बाटली तोलावी, नंतर खुणेपर्यंत पाणी भरून तोलावी, मग बाटली पूर्ण वाळवून खुणेपर्यंत तेल भरून तोलावी.

उदाहरणार्थ, रिकामी बाटली ३१० ग्रॅम, पाण्यासह १,०६० ग्रॅम आणि तेलासह १,००० ग्रॅम भरली. पाणी ७५० ग्रॅम झाले, म्हणजे खुणेपर्यंत बाटलीचे माप ७५० मिलिलिटर. तेल ६९० ग्रॅम झाले. ६९० भागिले ७५० म्हणजे ०.९२. ही त्या तेलाची घनता. एक किलो तेल आता १ लिटर ८७ मिलिलिटर होईल हे सांगता येते. लिटरला ५ मिलिलिटर या प्रमाणात फवारणी करावयाची असेल तर दोनशे लिटर पाण्यास एक लिटर, म्हणजे ९२० ग्रॅम तेल लागेल. ते पाण्यात मिसळावे म्हणून आधी साबणाच्या पाण्यात घोटून घ्यावे लागते हे वेगळे सांगावयास नको.

बाटली मोठी घ्यावी असे सांगण्यास कारण आहे. दुकानातील काटा पुष्कळदा पाच पाच ग्रॅमच्या टप्प्याने आकडा दाखवितो. शंभर मिलिलिटरच्या शिशीत पाच ग्रॅमची चूक म्हणजे शेकडा पाच. लिटरच्या बाटलीत तीच चूक शेकडा अर्धा. बाटली ओली राहिली किंवा तेलात बुडबुडे अडकले तर उत्तर बिघडते. काकवीत बुडबुडे फार वेळ टिकतात, म्हणून ती भरून तासभर स्थिर ठेवावी आणि मग खुणेपर्यंत पुन्हा भरून घ्यावी. तीव्र आम्ले आणि कीटकनाशके यांवर हा प्रयोग करू नये. किराणा दुकानाच्या काट्यावर तर ती नेऊच नयेत. त्यांच्यासाठी छापील आकडाच घ्यावा.

घनतामापक नावाचे काचेचे तरंगते उपकरण मिळते. दूध तपासण्याचे दुग्धमापक हे त्याचेच एक रूप. ट्रॅक्टरच्या बॅटरीतील आम्ल तपासण्याचे उपकरणही त्याच जातीचे असते, परंतु ते पाण्यापेक्षा जड अशा आम्लासाठी केलेले असल्यामुळे तेलाच्या उपयोगी पडत नाही.

उष्णतेने पडणारा फरक

द्रव तापला की फुगतो. वजन तेच राहते, माप वाढते. म्हणून घनता कमी होते. खाद्यतेलाच्या पिशव्यांच्या बाबतीत ही गोष्ट सरकारी पातळीवर पुढे आली होती. काही उत्पादक पिशवीवर एक लिटर लिहून शेजारी ६० अंश सेल्सिअस असे उष्णतामान छापीत. सोयाबीनचे एक लिटर तेल २१ अंशांस ९१९.१ ग्रॅम भरते आणि ६० अंशांस ८९२.६ ग्रॅमच भरते. म्हणजे गरम तेलाचा लिटर सांगून पिशवीत साडेसव्वीस ग्रॅम तेल कमी घालता येते. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने उत्पादकांना उष्णतामानाचा उल्लेख न करता माप छापावे व त्याबरोबर वजनही छापावे असे कळविले. तेल घेताना लिटरपेक्षा ग्रॅमचा आकडा पाहणे केव्हाही चांगले.

डिझेल दर अंशास हजारी सुमारे आठ भागांचा दहावा हिस्सा, म्हणजे शेकडा ०.०८ इतके फुगते. पहाटे २० अंशांस काठोकाठ भरलेले दोनशे लिटरचे पिंप उन्हात ४५ अंशांपर्यंत तापले तर त्यातील डिझेल सुमारे चार लिटरने वाढते आणि बुचातून बाहेर येते. म्हणून पिंपात मोकळी जागा ठेवावी व ते सावलीत ठेवावे. औषधाच्या व आम्लाच्या शेतावरील मापात मात्र उष्णतेचा फरक शेकडा एक-दोनच्या आतबाहेर राहतो. तो सोडून देण्यास हरकत नाही. घनताच विसरल्याने होणारी चूक शेकडा सत्तरपर्यंत जाते, तिच्यापुढे हा फरक नगण्य आहे.

दुधाचा काटा

दूध हे औषध नव्हे, परंतु किलो व लिटर यांचा संबंध शेतकऱ्याच्या घरात रोज येतो तो दुधामुळेच. दुधाची घनता सुमारे १.०३ आहे. चाळीस लिटरच्या कॅनमधील दूध ४१ किलो २०० ग्रॅम भरते. संकलन केंद्रात दूध काट्यावर तोलून दर लिटरचा देत असतील तर किलोच्या आकड्यास १.०३ ने भागून लिटर काढणे योग्य आहे. १०० किलो दुधाचे ९७ लिटर १०० मिलिलिटर होतात. दर किलोचा असेल आणि दूध लिटरच्या मापाने घेतले जात असेल तर लिटरास १.०३ ने गुणले पाहिजे. ते न केल्यास दर शंभर लिटरांमागे तीन किलो दुधाचे पैसे उत्पादकास मिळत नाहीत. दर कशाचा आणि मोजणी कशाची हे दोन प्रश्न सभासदाने केंद्रावर विचारून ठेवावेत. भागाकारही होऊ नये आणि गुणाकारही होऊ नये, अशी स्थिती दर व मोजणी या दोन्हींचे परिमाण एकच असेल तेव्हाच येते.

साय काढली की दूध जड होते, कारण स्निग्धांश पाण्यापेक्षा हलका असतो. आणि पाणी घातले की ते हलके होते. दोन्ही केल्यास दुग्धमापकाचा आकडा जेथल्या तेथे येतो. म्हणून केवळ घनतेवरून दुधाची पारख होत नाही. तिच्या जोडीस स्निग्धांशाची तपासणी करावी लागते.

मापाची भांडी

बाटलीचे झाकण, चहाचा कप किंवा पाण्याची रिकामी बाटली ही मापे नव्हेत. झाकणाझाकणांत फरक असतो, आणि तेच झाकण दुसऱ्या औषधास लावले की फरक आणखी वाढतो. दहा मिलिलिटरपर्यंत मोजण्यास खुणा असलेली नळी आणि मोठ्या मापास खुणा असलेले प्लास्टिकचे पात्र शेतावर वेगळे ठेवावे. आम्लासाठी व औषधासाठी ती निराळी असावीत व घरातील भांड्यांत मिसळू नयेत. मापताना पात्र सपाट जागी ठेवून डोळा द्रवाच्या पातळीच्या रेषेत आणावा. वरून पाहणाऱ्यास आकडा वेगळा दिसतो.

आम्लाचा नवा डबा आणल्याबरोबर त्यावर न पुसणाऱ्या शाईने तीव्रता, घनता आणि ‘१ किलो = इतके मिलिलिटर’ हे तीन आकडे लिहावेत. ८५ टक्के फॉस्फोरिक आम्लाच्या डब्यावर ५९२ मिलिलिटर, तीव्र गंधकाम्लाच्या डब्यावर ५४३ मिलिलिटर असे लिहिलेले असले म्हणजे आम्ल मापून घेणाऱ्या गड्यास भागाकार येत नसला तरी चालते. डबा संपून त्यात दुसरा माल भरला तर जुने आकडे आधी खोडून टाकावेत.